प्रवरेच्या माहेरी

आमच्या मातोश्रींचे माहेर कोल्हारचे. नगर जिल्ह्यात प्रवरेच्या काठी वसलेले हे भगवतीचे गाव. २०२४ पासून जिल्ह्याचे नाव सरकारदरबारी अहिल्यानगर झाले आहे, पण आईच्या तोंडी अजून नुसते 'नगर' असते आणि त्र्याऐंशीव्या वर्षी तिची ती सवय मोडायला जाण्याचे धाडस आमच्यापैकी कुणी केलेले नाही. लग्न होऊन पुण्याला आल्याला तिला साठ वर्षे उलटली. पण नळाचे पाणी पिताना ती अजून किंचित नाक मुरडते. "पाणी म्हणजे आमच्या प्रवरेचं," हे वाक्य आम्हा भावंडांनी इतक्या वेळा ऐकले आहे की लहानपणी प्रवरा ही आईची कुणी बहीण असावी अशी माझी समजूत होती.

ती समजूत अगदीच चुकीची नव्हती म्हणा. आजोबांची सव्वातीन एकर जमीन होती आणि तिच्यावर ऊस होता. ऊस पाटाच्या पाण्यावर, आणि पाट प्रवरेवर. त्या उसावर दोघा मामांची शिक्षणे झाली, आईचे लग्न झाले आणि पुढे माझ्या वडिलांची नोकरी सुटली त्या दोन वर्षांत पुण्यातल्या आमच्या दोन खोल्यांमधली चूलही त्याच उसावर पेटत राहिली. हे कुणी बोलून दाखवत नसे. दर महिन्याला मामा 'सहज आलो होतो' म्हणून येत आणि जाताना आईच्या हातात काही तरी ठेवून जात, एवढेच मला आठवते.

सुट्टीत मी कोल्हारला गेलो की आजोबांबरोबर रात्री दारे धरायला जाण्याचा हट्ट करीत असे. उसाला पाणी द्यायचे म्हणजे वाफ्याची दारे एकामागून एक फोडायची आणि बांधायची. आणि आपली पाळी रात्री दोनला आली तर दोनला उठायचे. कंदील, खांद्यावर फावडे, पाटकऱ्याच्या नावाने चाललेली आजोबांची पुटपुट, आणि मग अंधारातून कोरड्या चारीत पाणी आल्याचा तो आवाज. पालापाचोळा पुढे ढकलीत, खुसखुसत पाणी येई. एकदा मी विचारले, "आजोबा, हे पाणी कुठून येतं?"

"पाटातून."

"आणि पाटात?"

"धरणातून."

"आणि धरणात?"

"देवाच्या घरून. गप दार मोड तिकडं, वाफा फुटला बघ!"

आजोबांनी जन्मात धरण पाहिले नाही. संगमनेरच्या वर ते कधी गेलेच नाहीत. गेल्या वर्षी नवरात्रात आई एकदम म्हणाली, "अरे, माझं माहेर तुम्ही सगळ्यांनी पाहिलंत. प्रवरेचं माहेर कुणी पाहिलंय का?" आणि तिने कपाटातून एक लहानसा तांब्याचा तांब्या काढून माझ्यापुढे ठेवला. झाकणाचा, फिरकीचा. "दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला मला उगमाचं पाणी हवंय. भांडंभर नको, एवढं पुरे."

साठीला टेकलेल्या मुलालाही आईचा हुकूम मोडता येत नाही. कोजागिरी होऊन चार दिवस झाले होते. मी आणि आमच्या सौभाग्यवती निघालो.

प्रवरा म्हणजे काही गंगा-गोदा नव्हे. उगमापासून प्रवरासंगमाला गोदावरीत मिळेपर्यंत तिची चाल सुमारे दोनशे किलोमीटरांची. पण एवढ्याशा वाटचालीत तिने किती जणांना पोसले आहे! संगमनेरजवळच्या जोर्वे गावी १९५०-५१ च्या सुमारास उत्खनन झाले आणि सापडलेल्या रंगीत खापरांवरून एका सबंध प्राचीन संस्कृतीला 'जोर्वे' हे नाव मिळाले. तीन हजार वर्षांपूर्वी इथली माणसे शेती करीत होती. खाली दायमाबादला १९७४ मध्ये काशाच्या वस्तू सापडल्या. त्यांत बैल जुंपलेला एक सुंदर रथ आहे. नेवाशाला याच नदीच्या काठी शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली. आणि १९५०-५१ च्या हंगामात लोणीला सहकारी साखर कारखान्याचे पहिले गाळप झाले. विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव हिंडून शेतकरी जमवले आणि धनंजयराव गाडगिळांसारखे अर्थशास्त्रज्ञ त्याचे पहिले अध्यक्ष झाले. त्या वेळी आई आठ वर्षांची होती. कारखान्याची चिमणी पाहायला आजोबांनी तिला बैलगाडीतून नेले होते, ही तिची आवडती आठवण.

एवढी ही पुण्याई. पण नदीचे माहेर कुठे, हे काठावरच्या कुणालाही विचारा. नव्याण्णव माणसे 'भंडारदरा' म्हणून सांगतील. माहेर नव्हे ते. तिथे तिला अडवली आहे.

संगमनेरहून आमची एस.टी. अकोल्याला लागली आणि हळूहळू ऊस मागे पडू लागला. हे अकोले म्हणजे अगस्ती ऋषींचे. विदर्भातले अकोला नव्हे. राजूरला गाडी थांबली तेव्हा 'ही' खाली उतरली आणि पेढ्यांचा पुडा घेऊन आली. राजूरचे पेढे प्रसिद्ध आहेत आणि प्रसिद्ध असायलाच हवेत, एवढे सांगून पुढे जातो. रंध्याचा धबधबा एकशेसत्तर फुटांचा. पाहिला. तिथे छायाचित्र काढून घेणाऱ्यांची इतकी गर्दी होती की पाण्यापेक्षा माणसेच जास्त कोसळत होती. शेंडीला उतरलो आणि धरण समोर आले.

हे धरण बांधायला १९१० साली सुरुवात झाली आणि १९२६ च्या डिसेंबरात मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. नुसत्या दगडाची दोनशे सत्तर फूट उंचीची भिंत! मागे साठणारे पाणी अकरा अब्ज घनफूट. त्या काळी यंत्रे किती आणि माणसांचे हात किती, याचा हिशेब मनात मांडू लागलो की मान आपोआप खाली जाते. खाली ओझरच्या बंधाऱ्यापासून जे दोन पाट निघतात त्यांनीच नगर जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यात ऊस उभा केला. आजोबांच्या चारीत रात्री दोनला खुसखुसत येणारे पाणी इथून सुटत होते. मी भिंतीकडे पाहून नकळत हात जोडले. 'ही' म्हणाली, "अहो, देऊळ पुढे आहे."

देऊळ रतनवाडीला. शेंडीहून जलाशयाला वळसा घालीत अठरा-वीस किलोमीटर जीपने जावे लागते. एका बाजूला पाणी, त्यात उलटे पडलेले डोंगर. दुसऱ्या बाजूला पिवळी पडू लागलेली भाताची खाचरे. उत्तरेला कळसूबाई — १६४६ मीटर, महाराष्ट्रातले सगळ्यात उंच शिखर — आणि पुढे घोड्याच्या खोगिरासारखा रतनगड, त्याच्या माथ्यावर आरपार पडलेले भोक. त्याला नेढे म्हणतात, सुईचे नेढे तसे. सोनकीची पिवळी फुले उताराला लागली होती. खुरासणीही फुलली होती. एवढा पिवळा रंग एका ठिकाणी मी तरी पूर्वी पाहिला नव्हता.

रतनवाडी तलावाच्या अगदी शेंड्याला आहे. जीपवाल्याने ओळखीच्या एका घरी आमची सोय लावली होती. घर महादेव कोळी समाजाचे. अंगण सारवलेले, पडवीत नागलीच्या कणसांचा ढीग. घरात ऐंशीच्या घरातले बाबा, त्यांची कारभारीण, मुलगा, सून आणि नातू. आम्ही ओसरीवर टेकलो तोच मावशींनी पाण्याचा तांब्या पुढे केला. मी एक घोट घेतला आणि आईच्या नाक मुरडण्याचा अर्थ मला त्या क्षणी कळला.

"कुठलं पाणी हे, मावशी?"

"आता नदीचंच. आता चांगलं हाये," त्या म्हणाल्या. 'आता' या शब्दावर त्यांनी किंचित जोर दिला, तो मला तेव्हा जाणवला नाही.

जलाशयाच्या शेपटापासून वर निघालो की प्रवरा खरी भेटते. किती लहान! एखाद्या शाळकरी पोराने चार उड्यांत ओलांडावी एवढी. गोल गुळगुळीत गोटे, त्यांच्यावरून बोलत येणारे स्वच्छ पाणी, दोन्ही काठांना जांभूळ आणि हिरडे. कपडे धुणाऱ्या दोघी जणी, म्हैस डुंबत असलेला एक डोह, खेकडे धरणारी चार पोरे. दिवसभर त्या दरीत पाण्याच्या बोलण्याखेरीज आणि मधूनच एखाद्या गुराख्याच्या हाकेखेरीज दुसरा आवाज नव्हता. कोल्हारला आमच्या वाटणीची म्हणून ज्या नदीसाठी भावाभावांत फावडी उगारलेली मी पाहिली आहेत, तीच ही, हे मनाला पटवून द्यावे लागत होते.

अमृतेश्वराचे देऊळ या ओढ्याच्या शेजारीच आहे. आजवर पाहिलेल्या देवळांमध्ये मला हे सर्वांत जवळचे वाटले, आणि मी काही कमी देवळे पाहिलेली नाहीत. काळपट दगडाचे शिखर, त्यावर छोट्या छोट्या शिखरांच्या रांगा एकीवर एक रचलेल्या. जणू मोठ्या देवळाने आपल्या अंगाखांद्यावर लेकरे घेतली आहेत. खांबांवर, छतावर इतके कोरीवकाम की मान अवघडते. दहाव्या शतकाच्या आगेमागे झंज नावाच्या राजाने नद्यांच्या उगमांवर बारा शिवालये बांधली, त्यातले हे एक, असे परंपरा सांगते. राजे पुष्कळ झाले. नद्यांच्या उगमाशी देवळे बांधण्याची बुद्धी फार थोड्यांना झाली. शेजारी पुष्करणी आहे. तिच्या भिंतींतल्या कोनाड्यांत मूर्ती बसवल्या आहेत, त्यांत शेषावरचा विष्णूही आहे. पावसाळ्यात देवळाच्या गाभाऱ्यात पाणी भरते आणि पिंड बुडून जाते. पूजा करायची तर पाण्याचीच करायची.

संध्याकाळी ओसरीवर बाबांनी अमृताची गोष्ट सांगितली. समुद्रमंथनातून अमृत निघाले, मोहिनीच्या रूपात विष्णू ते वाढू लागला. ती पंगत खाली नेवाशाला बसली होती. तिथे मोहिनीराजाचे देऊळ आजही आहे. राहू पंगतीत चोरून बसला, घोट गिळला आणि चक्राने त्याचे शिर उडाले. ते पडले राहुरीला. आणि त्याच्या गळ्यातले अमृत सांडले ते इथे, रतनगडावर. तीच प्रवरा.

"म्हंजी बगा दादा," बाबा मिस्किलपणे म्हणाले, "पंगत तिकडं, नि सांडलं तेवढं हिकडं."

मी हसलो. 'ही' हसली नाही. ती मला नंतर म्हणाली, की ते नुसते थट्टेने बोलले नाहीत.

रात्री तांदळाच्या भाकरी, खुरासणीची चटणी आणि कुळथाचे कढण. भात काळभाताचा होता, घरचे बियाणे. या तालुक्यात जुनी बियाणी सांभाळणाऱ्या बायका आहेत. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना त्यासाठी २०२० साली पद्मश्री मिळाली, हे वाचकांना ठाऊक असेलच. आम्ही राजूरच्या पेढ्यांचा पुडा सोडला. बाबांनी एक पेढा घेतला, अर्धा मोडून नातवाला दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उगमाकडे निघालो. बाबा बरोबर आले. ऐंशीच्या माणसाच्या मागे चालताना मला दम लागत होता आणि ते मधूनमधून माझ्यासाठी उगीचच थांबून झाडे दाखवीत होते. गडाची वाट प्रवरेला कितीदा तरी ओलांडते. प्रत्येक ओलांडणीला नदी थोडी आणखी लहान होते. चार उड्यांची तीन झाली, तिनांची एक. मग नुसते पाऊल टाकले की पलीकडे. पुढे तिला फाटे फुटू लागले. उजवीकडून एक ओहळ, डावीकडून एक. मी प्रत्येक ठिकाणी विचारी, "यातली खरी प्रवरा कोणती?" आणि बाबा प्रत्येक वेळी जवळच्या ओहळाकडे बोट दाखवून म्हणत, "ही बी तीच."

शेवटी दाट झाडीत एका ओल्या कातळाशी आम्ही थांबलो. शेवाळाच्या मिशीतून थेंब ठिबकत होते. बाबा म्हणाले, "उगम कुठं दावू तुमाला? ह्यो सगळा डोंगरच ठिबकतोय. जिथं हात लावाल तिथं उगम."

इथे पाऊस किती पडतो ते सांगायला हवे. पलीकडच्या घाटघरला दोनशे इंचांच्या आसपास पडतो, आणि याच जिल्ह्याच्या पूर्व भागात वीस-बावीस इंच पडला की लोक पेढे वाटतात. जिल्हा एक, पण आकाश दोन. आणि या डोंगराची आणखी एक गंमत आहे. माथ्यावर पडलेला थेंब पूर्वेला घरंगळला तर प्रवरेतून, गोदावरीतून पार बंगालच्या उपसागराला जातो. चार पावले पश्चिमेला पडला तर कड्यावरून थेट कोकणात. चार पावलांनी आमच्या घरची चूल पेटली होती!

मी तांब्या काढला. थेंबाथेंबाने तो भरायला बराच वेळ लागला. बाबा कातळाला टेकून बसले होते. मी त्यांना आजोबांची गोष्ट सांगितली; रात्रीची पाळी, मामांची शिक्षणे, वडिलांची सुटलेली नोकरी. बाहेरच्या कुणाला मी हे कधी सांगितले नव्हते. बाबा शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले,

"म्हंजी आमच्या खाचरावर शिकला म्हना तुमचे मामा."

मला समजले नाही. त्यांनी दरीकडे हात केला. झाडीच्या फटीतून जलाशयाचा निळा तुकडा दिसत होता.

"तिथं तळाशी आमची खाचरं व्हती. नदीकाठची, काळी. लई भात व्हायचा असं आजा सांगायचा. धरान आलं नि गेली. त्यो भिंतीवरच कामाला व्हता. दगुड वाहायचा. आपली जमीन बुडवायला आपुनच दगुड वाहिला, असं म्हनायचा नि हसायचा."

"मोबदला?"

"मिळाला आसंल काय तरी. आज्यानं सांगितलं न्हाई, आमी इचारलं न्हाई."

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. तक्रार असती तर बरे झाले असते. तिला काही तरी उत्तर देता आले असते. हा मुलूख गप्प बसणाऱ्यांचा आहे असेही नव्हे. जवळच्या देवगावचे राघोजी भांगरे इंग्रजांविरुद्ध आणि सावकारांविरुद्ध उठले होते आणि २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेले. बाबांना त्यांचा अभिमान होता. पण खाचरांबद्दल बोलताना ते हवामानाबद्दल बोलावे तसे बोलत होते.

खाली आलो. निघताना मावशींनी तांब्याकडे पाहिले. "एवढंसंच नेताय?" त्या म्हणाल्या. "पुन्यात पानी न्हाई व्हय?"

"आहे मावशी. आईला इथलं हवंय."

"न्या मंग. पर तुमच्या आईला सांगा, आता कार्तिकापातुर ऱ्हाईल ह्ये. वैशाखात आलात तर आमीच तुमच्याकडं मागू."

पुण्याला पोचलो. नरक चतुर्दशीला पहाटे आईने उटणे लावून घेतले, तांब्यातले चार थेंब डोक्यावर घेतले, दोन ओठांना लावले आणि बराच वेळ डोळे मिटून बसली. मग मी तिला सगळे सांगितले. अमृताची गोष्ट, काळभात, आणि खाचरांचेही. ते ऐकून ती एकदम सरळ बसली.

"मग तू त्यांना काय दिलंस?"

"राहण्या-जेवणाचे पैसे दिले. घेत नव्हते, पण दिले. आणि पेढे."

"पेढे!" आई म्हणाली. आमच्या लहानपणी पाढे चुकल्यावर ती ज्या सुरात 'सात नवे अठ्ठावन्न!' म्हणत असे तोच सूर होता. त्या दिवशी ती माझ्याशी फारशी बोलली नाही. संध्याकाळी तिने मामांना फोन लावला आणि आपल्या वाटणीची म्हणून गुळाची एक ढेप मागितली. कोल्हारच्या उसाची, गुऱ्हाळातली, दुकानातली नव्हे. आईने माहेरच्या जमिनीत कधी वाटणी मागितली नव्हती. सत्याऐंशी वर्षांचे मामा घाबरून गेले. त्यांना वाटले, बहिणीचे काही तरी बिनसले.

गूळ पोचवायचे तसेच राहिले. ढेप आली ती माघात. मग घरात लग्न निघाले, मग 'हिचे' गुडघे. अखेर या वर्षी मे महिन्यात आम्ही दोघे पुन्हा गेलो. काजवे पाहायला मेअखेरीस तिकडे मोटारींची रीघ लागते. आम्ही त्याच्या आधीच पोचलो.

रतनवाडी ओळखू आली नाही. डोंगर तेच, पण भाजून काढल्यासारखे तांबडे. ज्या ओढ्यात पोरे खेकडे धरीत होती तिथे नुसते गोटे पांढरे पडले होते. त्यांच्यात वाळू उकरून केलेला हातभर झिरा, आणि त्याच्याभोवती चार हंडे रांगेत ठेवलेले. मावशी वाटीने पाणी भरीत होत्या. वाटी भरायची, हंड्यात ओतायची, पुन्हा भरेपर्यंत थांबायचे. उगमाशी मी तांब्या भरला तसेच. फक्त तो देवासाठी होता आणि हा स्वयंपाकासाठी.

आम्हाला पाहताच त्या उठल्या आणि पहिल्या हंड्यातले पाणी ओंजळीत ओतून म्हणाल्या, "हात-पाय धुवा." 'हिने' हात मागे घेतला. मावशींना ते आवडले नाही. "पाव्हण्यांनी पान्याला न्हाई म्हनू न्हाई," त्या म्हणाल्या. आम्ही हात-पाय धुतले.

ढेप पाहून बाबा खूश झाले. सुनेने लगेच एक खडा फोडून पोरांना वाटला. मग ऊन उतरल्यावर बाबा म्हणाले, "चला, आमची जमीन दावतो तुमाला."

तलाव मैलभर मागे सरकला होता. आम्ही भेगाळलेल्या गाळावरून चालत गेलो. पूर्वी जिथे पाण्यात डोंगर उलटे पडले होते, तिथून. आणि मग ते दिसू लागले. दगडांच्या ओळी, गुडघ्याएवढ्या, काही ढासळलेल्या, काही अजून सरळ. खाचरांचे बांध. शंभर पावसाळे पाण्याखाली काढूनही जागच्या जागी होते. बाबा एकेका बांधावर पाय देत पुढे चालले. "ह्ये मोठं. ह्ये त्याच्या खालचं. हितं आज्याची माची व्हती, राखनीची." स्वतः त्यांनी ही शेते पिकलेली कधी पाहिली नव्हती. आज्याने वडिलांना दाखवली, वडिलांनी यांना, आणि आता नातू पुढे पळत जाऊन न सांगता नेमक्या बांधावर उभा राहत होता. पाणी ओसरेल त्या उन्हाळ्यात एकदा तरी इथे यायचे, असा या घराचा परिपाठ आहे.

धरणाच्या पाण्यावरून भांडणे काही कमी होत नाहीत. १९६९ मध्ये खुद्द धरणाची भिंतच गळू लागली होती, ती नंतर आधार देऊन मजबूत केली. खाली निळवंड्याला दुसरे धरण झाले आणि २०२३ च्या ऑक्टोबरात त्याच्या डाव्या कालव्याला पाणी सुटले. दुष्काळी गावांनी त्याची कित्येक दशके वाट पाहिली होती. पाण्याच्या समान वाटपाचा कायदा २००५ साली झाल्यापासून जायकवाडीचा हक्कही उभा राहिला आहे आणि पाऊस कमी झाला की नगर-नाशिकचे लोक आणि मराठवाड्याचे लोक न्यायालयाच्या पायऱ्या चढतात. दोघांचेही म्हणणे रास्त असते. तहान कुणाची खोटी नसते. मी वर्तमानपत्रांत ही भांडणे वर्षानुवर्षे वाचत आलो आहे आणि कोल्हारचा भाचा म्हणून माझा पक्षही ठरलेला आहे. पण त्या बांधावर उभा असताना लक्षात आले, की त्या बातम्यांत रतनवाडीचे नाव मी कधी वाचलेले नाही.

बाबा पाण्याच्या काठाशी गेले आणि तिथे रोवलेली एक काठी त्यांनी मला दाखवली. काल संध्याकाळी ती काठावर रोवली होती. आता पाणी तिच्यापासून चांगले चार-पाच हात मागे गेले होते.

"येवढं एका दिसात?"

"पानी सुटलंय न्हवं खाली. आवर्तन."

मी तिथूनच मामांना फोन लावला. आमचे मामेभाऊ बोलले. होय, पाळी चालू आहे. आपल्या उसाला काल रात्रीच पाणी मिळाले. फार वेळेवर मिळाले, नाही तर खोडवा वाळलाच होता. त्यांचा आवाज आनंदी होता आणि त्यात काही चूक नव्हती. मी विचारले, "अजून किती दिवस चालेल?"

"आठ दिवस तरी. का रे?"

मी बाबांना सांगितले, अजून आठ दिवस पाणी सुटणार आहे. आमच्या चुलत-मावस नात्यातल्या सगळ्यांच्या वतीने काही तरी बोलावे असे मनात होते, पण शब्द जुळेनात. बाबांनी काठी उपटली, पाण्याच्या नव्या काठापर्यंत चालत गेले आणि ती पुन्हा रोवली.

"आठ दीस," ते म्हणाले. "म्हंजी खालचं मोठं खाचर बी उघडं पडंल. आज्याचं सगळ्यात चांगलं व्हतं ते. मी बी ते दोनदाच बघितलंय." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ऱ्हावा की आठ दीस. तवर आंबे बी उतरत्याल."